एक नंबरची पाटी

पालिकेचं म्हणणं असं पडलं की गावात टॅक्स्या जास्त झाल्यात आणि बसणारी माणसं कमी. हे ज्यांनी ठरवलं ते सगळे पालिकेच्या गाडीतून फिरतात. दारात गाडी, ड्रायव्हर दार उघडून उभा. टॅक्सीची वाट बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर म्हणायचं, शेळ्या फार झाल्या. पण नुसतं त्यांनाच बोलून काय उपयोग? त्यांच्या हातात काठी दिली ती आम्हीच, आमच्या स्टँडनं. नुसती दिली नाही, पुसून पॉलिश करून दिली.

मी टॅक्सी चालवते. स्टँडवर मला एक नंबरवाली म्हणतात, आणि त्यात माझं कौतुक वगैरे काही नाही. पालिकेनं परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला परवाना आमच्या ह्यांना मिळाला. गाडीच्या मागं लावायची पांढरी पाटी, तिच्यावर उठावदार निळा एक. आयुष्यभर ह्यांनी ती गाडी चालवली. मग नजर जायला लागली. आधी संध्याकाळनंतरचं दिसेना, मग भर दुपारी समोरचा माणूस दिसे आणि कडेचा दिसेना. एक दिवस स्वतःच घरी आले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, आता तू. गाडी मला ह्यांनीच शिकवली होती, लग्नानंतर, मोकळ्या मैदानात. शिकवताना इतके ओरडले होते की अजून कधी भांडण झालं की तो विषय निघतो. परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आणि मी स्टँडवर उभी राहिले. पहिले काही दिवस बापे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की हिचं तोंड आपल्यापेक्षा तिखट आहे, तेव्हा गप्प बसले.

तर ती मोजणी. परवाने किती द्यायचे हे पालिका ठरवते, आणि ठरवण्याआधी मोजते. स्टँडवर माणसं टॅक्सीची वाट बघत उभी असतील तर परवाने वाढवायचे. टॅक्स्या माणसांची वाट बघत उभ्या असतील तर कमी करायचे. ऐकायला किती सरळ वाटतं.

मोजणी होणार असं कळलं आणि आमच्या अध्यक्षांच्या अंगात आलं. अध्यक्ष म्हणजे टॅक्सी संघटनेचे अध्यक्ष, पांढरे बूट घालतात. त्यांनी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. पालिका आपल्याला बघायला येतेय, स्टँडची शान दिसली पाहिजे, एकही गाडी कमी दिसता कामा नये, प्रवाशानं हात वर करायच्या आत दार उघडलं पाहिजे. आम्हाला वाटलं, खरंच आहे. कुणी येऊन बघणार म्हटलं की घर आवरायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मोजणी आणि तपासणी यांत फरक असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मग काय विचारता. ज्या गाड्या एरवी दुपारी झाडाखाली झोपतात त्या धुऊन रांगेत. ज्याची गाडी गॅरेजमध्ये होती त्यानं मिस्त्रीच्या मागं लागून सोडवून आणली. जेवायलासुद्धा कुणी घरी गेलं नाही, डबे गाडीतच उघडले. रांग पार वळणापर्यंत गेली. समोर दवाखान्याच्या छपराखाली वाहतूक विभागाच्या मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या, कोवळ्या वयाच्या, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो. त्या बिचाऱ्या एकेक टॅक्सी किती वेळ उभी आहे ते टिपत होत्या.

माझी तर आणखी गंमत. मी एरवी सकाळी स्टँडवर नसतेच. टेकडीमागं बंद पडलेल्या कारखान्याची वसाहत आहे, माझी सकाळ तिकडं जाते. कारखाना गेला, मग बसही गेली, कारण म्हणे बसायला माणसं नाहीत. माणसं आहेत, फक्त म्हातारी झाली आहेत आणि चढ उतरून खालच्या थांब्यापर्यंत येणं त्यांना होत नाही. टॅक्सीवाले तिकडं जात नाहीत, कारण येताना गाडी रिकामी आणावी लागते. वसाहतीचं नाव काढलं की एकाला हवा भरायची असते, दुसऱ्याला अचानक घरून फोन येतो. मी जाते. मी फार भली म्हणून नव्हे, मला तिथली माणसं आवडतात आणि ती भाड्यावरून कटकट करत नाहीत. मोजणीच्या आठवड्यात मात्र अध्यक्षांनी मला बजावलं, एक नंबर पुढं दिसलाच पाहिजे. मग मी वसाहतीत फोन करून सांगितलं, या आठवड्यात जमायचं नाही. दर आठवड्याला मी ज्यांना दवाखान्यात नेते त्या शिवणकाकू म्हणाल्या, बरं. त्या लोकांची ही एक सवय आहे, काहीही सांगा, बरं म्हणतात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निकाल लागला की या गावात प्रवाशाला थांबावं लागत नाही, टॅक्सीलाच थांबावं लागतं, सबब परवाने कमी करावेत. आणि कमी करताना जो शेवटी आला तो आधी जाणार. मला वाटलं, आपल्याला काय धोका, आपण तर एक नंबर. पालिकेत जाऊन विचारलं तर खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं की नाव बदललं तेव्हा तो नवीन परवाना धरला जातो. म्हणजे पाटी गावातली सगळ्यात जुनी आणि मी सगळ्यात नवी. पहिला बळी एक नंबरचा.

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच असतो. मी म्हटलं, नियम सारखा असेल मॅडम, पण आम्ही सारखे नाही, तुमच्या मोजणीत वसाहत कुठंय? त्या म्हणाल्या, वसाहतीतलं कुणी स्टँडवर थांबलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, त्यांना स्टँडपर्यंत येता येत असतं तर टॅक्सी कशाला लागली असती? त्यावर त्यांनी नियमांची फाइल ओढून चाळली. मग त्यांनीच सांगितलं की मी हरकत घेतली तर एक फेरतपासणी करता येते. समितीची बैठक ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सकाळी त्या स्वतः स्टँडवर येऊन बघतील आणि दुपारी समितीपुढं सांगतील. वर प्रामाणिकपणे असंही म्हणाल्या की फार आशा धरू नका, स्टँडवर दिसेल तेवढंच मला धरता येतं.

मी हरकत घेतली. पालिकेच्या पायऱ्या उतरते तोच अध्यक्ष भेटले, जणू वाटच बघत होते. माझ्या पाठीवर हात ठेवल्यासारखा आवाज काढून म्हणाले की वाईट वाटून घेऊ नकोस, पाटी गेली तरी हात रिकामे राहणार नाहीत, आमच्या सासूबाईंची गाडी आहे, ती रोजावर चालव. त्यांच्या सासूबाईंना धड सायकल येत नाही, पण त्यांच्या नावानं परवाना आहे. मेहुण्याच्या नावानं आहे, भाच्याच्या नावानं आहे. पाट्या जेवढ्या कमी तेवढा उरलेल्यांचा भाव वर, हे कळायला फार शिकावं लागत नाही. मला त्या क्षणी असा संताप आला की मी पाठ फिरवली. नुसती निघून आले.

घरी आले तर हे दारातल्या गाडीमागं बसून पाटी पुसत होते. नजर गेल्यापासून ह्यांचा तो नेम आहे. संध्याकाळी गाडी आली की फडकं घेऊन मागं जायचं, पाटी पुसायची, एकाच्या आकड्यावरून बोट फिरवायचं आणि घरात यायचं. त्या दिवशी मी गाडी न नेता गेले होते, म्हणून ते पुन्हा पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. सासूबाईंची गाडी रोजावर, हेही सांगितलं. ह्यांनी पाटीवरचं बोट काढलं नाही.

"मागणी काय स्वतः चालत स्टँडवर येते होय?" ते म्हणाले. "मागणीला गुडघे असतात."

एवढंच बोलले. पुढं चहा मागितला आणि बातम्या लावल्या. पण मी चहा टाकता टाकता तिथंच थांबले. मागणीला गुडघे असतात, आणि ते दुखतात, आणि ती टेकडीमागं राहते. स्टँडवर दिसेल तेवढंच मॅडमना धरता येतं. मग दिसू दे की. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा भानावर आले.

दुसऱ्या दिवशी वसाहतीत गेले आणि दारोदार फिरले. फेरतपासणीच्या सकाळी मी तुम्हाला स्टँडवर आणून सोडते, म्हटलं. तिथं रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की पुढची टॅक्सी घेऊन जिथं जायचंय तिथं जायचं. माझ्यासाठी म्हणून कुठंही जायचं नाही. ज्याला खरंच कुठं जायचं असेल त्यानंच यायचं आणि भाडं ज्याचं त्यानं द्यायचं. फुकटची मागणी मला नको होती. कारखान्यात फिटर होते त्या फिटरकाकांनी डोकं खाजवत विचारलं की तू नेतेसच आम्हाला, मग मधे उतरून दुसरी गाडी कशाला? मी म्हटलं, मी परस्पर नेलं तर तुम्ही मोजले जात नाही काका, मोजलं जायचं तर रांगेत दिसावं लागतं. ते म्हणाले, अजबच आहे, आणि यायला तयार झाले. त्यांना आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायला मोठ्या दवाखान्यात जावं लागतं, मोजणीच्या आठवड्यात ते कुणाच्या तरी दुचाकीवर बसून गेले होते, त्यांच्यापुढं जायचं कुठं हा प्रश्नच नव्हता.

बाकीच्यांपुढं मात्र होता. कुठं जायचंय, असं त्यांना कुणी विचारल्याला इतके दिवस झाले होते की आठवावं लागलं. एकीला बँकेत अंगठा द्यायचा होता, तो राहून राहून राहिला होता. एका आजोबांना दात बसवून घ्यायचे होते. एक पोटुशी पोर, तिला तपासणीला जायचं होतं. शिवणकाकूंच्या दारात मी दोनदा विचारलं तरी त्या मशीनचं चाक हातानं फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की बहिणीकडे जाऊन येईन म्हणते. बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षांत भेट नाही. मी चमकलेच. दर आठवड्याला मी काकूंना दवाखान्यात नेत होते, बहिणीचं नाव कधी निघालं नव्हतं. मी म्हटलं, काकू, मला सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, दवाखाना गरजेचा असतो गं, बहिणीला भेटणं म्हणजे आपली हौस.

फेरतपासणीच्या सकाळी मी उजाडल्यापासून फेऱ्या मारल्या. चार चार माणसं खाली आणायची, स्टँडच्या शेजारच्या शेडमध्ये बसवायची, की पुन्हा वर. मॅडम आल्या, त्यांना सोडून पालिकेची गाडी साहेबांना आणायला निघून गेली. अध्यक्षांनी या वेळीही सगळ्या गाड्या धुऊन रांगेत लावल्या होत्या. त्यांना अजून वाटत होतं की शान दाखवायचीय. किंवा या वेळी त्यांना चांगलं ठाऊक होतं आपण काय दाखवतोय. मला दुसरंच खरं वाटतं.

स्टँडचा कायदा एकच आहे आणि तो पालिकेच्याही आधीचा आहे. पुढच्याचा नंबर पहिला. पुढची गाडी पुढचा माणूस घेणार, हद्दीत कुठंही, नाही म्हणायचं नाही. एरवी या कायद्याला लोक हवा भरायला पाठवतात. पण त्या दिवशी समोर मॅडम बसलेल्या. फिटरकाका काठी टेकत पुढं झाले आणि म्हणाले, मोठा दवाखाना, आणि तुम्ही थांबून परत वसाहतीत सोडायचंय. पहिल्या गाडीवाल्यानं इकडंतिकडं बघितलं. हवा भरलेली होती, फोन वाजत नव्हता. नेलं बिचाऱ्यानं. मागं बँकेची बाई, तिच्या मागं दाताचे आजोबा, त्यांच्या मागं पोटुशी पोर. गाड्या एकेक करून सुटायला लागल्या, आणि सुटल्या त्या लांबच्या भाड्यावर, लगेच परत येणाऱ्यातल्या नव्हेत. मी आणखी चौघांना घेऊन आले तेव्हा रांग झाडापर्यंत आली होती. पुढच्या खेपेला आले तर सासूबाईंची गाडी निघत होती आणि अध्यक्ष तिच्या मागं दोन पावलं धावत होते.

तेवढ्यात स्टँडची नेहमीची माणसंही यायला लागली, कारण ती काही वसाहतीला विचारून येत नाहीत. एक नमुन्यांची पेटी घेतलेला विक्रेता आला, एक बाई कडेवर मूल घेऊन आली. टॅक्सी दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या स्टँडवर माणसांची रांग लागली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी गाडीत बसून ती रांग डोळे भरून बघितली.

मॅडम उठून माझ्या खिडकीशी आल्या. चष्मा वर सारून म्हणाल्या, "ही सगळी माणसं तुम्ही आणलीत."

"हो, मीच आणली," मी म्हटलं. "टॅक्सीवाली आहे मॅडम. माणसं आणणं हाच माझा धंदा."

"मग ही खरी मागणी धरता येणार नाही."

"मोजणीच्या आठवड्यात अध्यक्षांनी गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. त्या तुम्ही खऱ्या धरल्यात. आणि ही माणसं स्वतःचं भाडं देऊन स्वतःच्या कामाला चाललीत. विचारा कुणालाही."

त्यांनी विचारलं नाही. घड्याळ बघितलं, फोन लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. साहेबांना आणायला गेलेली गाडी पुलाच्या अलीकडे बंद पडली होती. समितीची बैठक पुलापलीकडे पालिकेत, आणि बैठकीत हा विषय त्यांनीच मांडायचा होता. त्यांनी टॅक्सीसाठी मान वळवली. स्टँडवर एकच टॅक्सी होती, माझी. नुकतीच रिकामी झालेली, आता नंबरात लागलेली.

अध्यक्ष लगबगीनं आले. मला बाजूला घेतलं आणि दात न उघडता म्हणाले, मॅडमना घे, शहाणी असशील तर आत्ता घे, तुझी पाटी त्यांच्या हातात आहे. हा माणूस माझं वाईट चिंतणारा, पण त्या क्षणी बोलला ते खोटं नव्हतं. मलाही ते दिसत होतं. एक फेरी पुलापलीकडं, वाटेत चार गोड शब्द, बाई मनानं वाईट नव्हती. कोण जाणे, तेवढ्यानं काम झालंही असतं. घरी फडकं घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर आला. मी खोटं कशाला सांगू, माझा हात मागच्या दाराच्या कडीकडे गेला होता.

रांगेत पुढं शिवणकाकू होत्या. इस्त्रीची साडी नेसलेल्या, हातात बहिणीसाठी शिवलेल्या दोन पोलक्यांची पिशवी. त्यांनी मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"जाऊ दे त्यांना आधी," काकू म्हणाल्या. "मला सवय आहे थांबायची."

झालं. सगळा संताप एकदम माझ्या डोक्यात गेला. सासूबाईंच्या गाडीचा, खिडकीतल्या कारकुनाचा, आणि सगळ्यात जास्त त्या बरं म्हणण्याचा. आठवडाभर मी जमणार नाही म्हटलं होतं तेव्हाही ही बाई बरं म्हणाली होती. तिच्या त्या सवयीवर तर पालिकेचा सगळा हिशेब उभा होता.

मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, तुम्ही रांगेत मागं उभ्या राहा. पुढच्याचा नंबर पहिला."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण रांगेतला विक्रेता मधेच म्हणाला की ताई, आम्हीही मघापासून उभे आहोत. मॅडमनी एकदा रांगेकडं बघितलं. मग गेल्या, आणि कडेवर मूल असलेल्या बाईच्या मागं उभ्या राहिल्या. मी काकूंना हात धरून गाडीत बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि गाडी काढली. आरशात दिसत होतं, मॅडम टाचा उंचावून रस्त्याच्या टोकाकडे बघत होत्या, टॅक्सीची वाट बघणारा माणूस बघतो तशाच.

वळण संपल्यावर आरशातली रांग दिसेनाशी झाली. गेली पाटी, मी मनात म्हटलं. एवढी वर्षं सांभाळलेली पाटी मी एका वाक्यासाठी घालवली. काकूंना काही पत्ता नव्हता. त्या खिडकीतून गाव बघत होत्या, इथं दुकान होतं ते कुठं गेलं, हे घर नवीन दिसतंय, असं लहान मुलासारखं चाललं होतं. बहिणीच्या दारात उतरल्या, जिना मी धरून चढवला. आतून बहिणीनं कोण आहे विचारलं, काकूंनी नुसतं मी गं म्हटलं, आणि आतून जो आवाज आला तो ऐकून मी उंबऱ्यावरच थांबले. रडणं होतं का हसणं, सांगता येणार नाही. मी खाली येऊन गाडीत बसले आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, कारण काकूंना परतही न्यायचं होतं.

संध्याकाळी स्टँडवर आले तर सगळे गोळा झालेले. वाटलं, आता पाटी काढायला सांगणार. पण सगळे हसत होते, पोट धरून हसत होते. अध्यक्ष तेवढे दिसले नाहीत.

दुपारी असं झालं होतं की मॅडमना टॅक्सी मिळालीच नाही. गाड्या परत यायला लागल्या तेव्हा आधी विक्रेता गेला, मग मूल घेतलेली बाई गेली. पुढची गाडी काही येईना, शेवटी मॅडम चालत निघाल्या, पूल चालत ओलांडला आणि चपलेचा पट्टा तुटलेल्या अवस्थेत पालिकेत पोचल्या. तोवर समिती उठली होती. विषय मांडणारं माणूसच हजर नाही म्हणून ठराव बाजूला ठेवला होता. सभापतींनी सगळ्यांसमोर उशिराचं कारण विचारलं, आणि त्या बाईनं, मानलं पाहिजे तिला, खरं तेच सांगितलं. टॅक्सी मिळाली नाही. टॅक्स्या जास्त झाल्या म्हणणारा ठराव टॅक्सी मिळाली नाही म्हणून राहिला. सभागृहात आधी शिपाई हसला म्हणतात, मग सगळेच. दोन दिवसांत गावभर झालं. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, जिथं तिथं तेच.

ठराव मेला असं मी म्हणत नाही, पालिकेचे ठराव सहसा मरत नाहीत, झोपतात. पण आता मोजणी नव्यानं करायची असं ठरलंय, आणि पहिली खुर्ची टेकडीमागच्या वसाहतीत टाकायची, असं मॅडमनीच सुचवलंय. परवा त्या स्टँडवर आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला तेव्हा नेमकी माझी गाडी पुढं होती, बसल्या, आणि उतरताना म्हणाल्या की त्या काकू आता बहिणीकडे जातात का? मी म्हटलं, दर रविवारी.

फेरतपासणीच्या त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा हे फडकं घेऊन तयारच होते. मी सगळं सांगितलं, मॅडमना रांगेत उभं केल्याचंही. वाटलं, आता बोलतील, मैदानात ओरडायचे तसे ओरडतील. ह्यांनी फक्त विचारलं की पुढं कोण होतं? मी म्हटलं, शिवणकाकू. मग झालं तर, म्हणाले, आणि पाटीवरून बोट फिरवलं.

अध्यक्ष पुन्हा पांढरे बूट घालून यायला लागलेत. काल सगळ्यांना गोळा करून सांगत होते की नवी मोजणी येतेय, एक नंबर पुढं दिसलाच पाहिजे, गाड्या धुऊन ठेवा. मी सगळ्यांदेखत सांगितलं, मोजायला खुशाल या म्हणावं. या वेळी मी गाडी धुणार नाही आणि स्टँडवरही दिसणार नाही. मी टेकडीमागं कामावर असेन, तिथं येऊन मोजा.